कंदील आधी

गुरुवार. साडेपाचची वेळ, मी पाचलाच आलोय.
शंभर फुटी रस्ता, चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला.
गाडी मात्र लावलीय पलीकडच्या गल्लीत,
भडंगवाल्याच्या दारात,
कुणी हटकलंच तर हातात पुडा असावा म्हणून.
पुडा घेतला. पावशेर.
आता तो घामेजल्या हातात मऊ पडत चाललाय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या चालूच राहू देत,
पण आता चार माणसांत बसा.
चार म्हणजे आठ, हे नंतर कळलं.
आठ माणसं, गोल मांडलेल्या खुर्च्या, आणि बोलायचं.
काय बोलायचं?
सुचेल ते.
सुचण्याचंच तर दुखणं आहे, बाई.
रात्री तीनला इतकं सुचतं
की उठून मोरीतल्या नळाचे थेंब मोजत बसतो.

मी हळदीच्या अडतीत दिवाणजी.
पोतं, घट, हमाली, तोलाई
सगळं मांडता येतं मला, पैशाचा फरक न येता.
हे कुठल्या खात्यावर टाकू?
घरी सांगितलंय, वसुलीला जातोय.
अगदीच खोटं आहे का ते?

एक वाक्य पाठ करून ठेवलंय :
नमस्कार, मी श्रीपाल मगदूम, आणि मला
'मला'च्या पुढं गाडी बंद पडते.
पुष्पराज चौकात सिग्नलला मोठ्यानं म्हणून पाहिलं,
तर शेजारचा रिक्षावाला म्हणाला, काय?
काही नाही, म्हटलं.
हे मात्र बिनचूक आलं.

आणि सांगली ती केवढी!
इथं शिंकलं तर गावभागात कुणीतरी काढा उकळतं.
वर कोण असेल? पोरीच्या क्लासचे सर?
पतसंस्थेतली ती शिक्का मारणारी बाई?
आमच्या बाजारात तर पूर्वी
भावसुद्धा कुणी तोंडानं बोलत नसे.
रुमालाखाली हात, बोटं दाबायची, चेहरा कोरा.
आण्णा त्यात पटाईत.
आपलं दुखणंही त्यांनी तसंच उरकलं,
रुमालाखाली.
आम्हाला कुणालाच भाव कळला नाही.

त्यांच्याबरोबर एकदा हरिपूरला गेलो होतो, पेवं बघायला.
जमिनीच्या पोटात हळद, वर माती, वर्षानुवर्षं.
पेव फोडलं की लगेच उतरायचं नाही.
कोंडलेली हवा माणूस मारते.
तोंड मोकळं ठेवायचं,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
तेवत राहिला तर माणूस.
विझला तर वर ओढून घ्यायचा, उद्या परत.
कंदिलाला शिव्या द्यायच्या नाहीत,
पेववाला म्हातारा म्हणाला होता.
कुणाला, ते आठवत नाही. आण्णा हसले नव्हते.

जिना चढलो. पहिल्या मजल्यापुढच्या वळणावर
पायरीवर कुणी बसलेलं.
गैबी मुजावर.
एकोणीस वर्षं हा पोतं पाठीवर घेतो, मी वजन लिहितो.
यानं उचललेला किलो न् किलो माझ्या वह्यांत आहे.
हा सोडून.

"दिवाणजी, चष्म्याला आलाय जनू?"
"होय. तू?"
"मीबी चष्म्यालाच."
चष्म्याचं दुकान खाली राहिलं होतं,
दोघांचंही.

आधी तो हसला का मी, सांगता येत नाही.
पुडा जिन्यातच फोडला.
"मागल्या बेस्तरवारी बी आल्तो," तो म्हणाला,
दाणे निवडत,
"ह्याच पायरीपतूर."
त्याचा हात थरथरत होता.
दीड मणाखाली कधी न थरथरलेला हात.
मला एकदम बोलायचं होतं काहीतरी,
बोललो एवढंच, "मिरची जास्त आहे रे."

वर दारात चपला. मोजल्या, सवयच ती.
सहा जोड.
एकीचा अंगठा तारेनं शिवलेला.
एक जोड लाल, इतका लहान, की मन चरकलं.
आत कुणी खोकलं, खुर्ची सरकली.
पाच अठ्ठावीस.

मी माझ्या चपला काढल्या
आणि निघायला बरं पडावं म्हणून
तोंड जिन्याकडं करून ठेवल्या.
गैबीनंही तशाच.